साहेबाची हलगी आणि तात्यांची खुर्ची

कुंडलच्या तात्यांच्या दारात जाऊन मी त्यांच्यापुढं हलगी धरली आणि म्हणालो, "वाजव की जरा, साहेब लांबून आलेत." एवढा मूर्खपणा मी एका वाक्यात पुन्हा कधी केलेला नाही, एरवी मला दोन-तीन वाक्यं लागतात.

साहेब म्हणजे आमचा भाडेकरू. काही माणसं डोळ्यांनी जगतात, बरीचशी पोटानं. हंगेरीहून आलेला हा गृहस्थ निव्वळ कानानं जगायचा. इकडची हलगी शिकायला तो सांगलीत आला आणि आमच्या माडीवर राहिला. पहिल्याच सकाळी घाटावर जाऊन, धुणं आपटण्याचा ठेका ऐकत तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. बायका ओली धुणी घेऊन माझ्या दारात जाब विचारायला आल्या. मराठी तो मंडईत शिकला, त्यामुळं माझ्यासारख्या मास्तराच्या पंगतीला बसून "आमटी लय ग्वाड हाय" असं बिनदिक्कत म्हणायचा. बाजारातून हलगी आणली ती थेट आमच्या चुलीवर शेकायला धरली. कातडं तापल्याशिवाय ताणत नाही हे खरं, पण भाकरीच्या तव्याशेजारी?

"एक तर कातडं भाज म्हणावं, नाहीतर भाकरी," बायको म्हणाली.

त्यानं भाकरी भाजली. फुगल्यावर तिच्यावरही बोटं वाजवून पाहिली.

शिकवणारा मात्र मिळेना. मला तात्या आठवले. कुंडल माझ्या मामाचं गाव. लहानपणी तिथल्या लग्नात त्यांची हलगी घुमली की नवरदेवसुद्धा मांडवाबाहेर बघायचा. बाहेरच, वाजवणाऱ्याला मांडवात जागा नव्हती. पोरंटोरंही त्यांना अरे-तुरे करायची. मीही त्यातलाच, आणि त्याच सवयीनं बोलून गेलो.

तात्या खुर्चीत बसले होते. मागं भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्यांनी हलगीकडं पाहिलंही नाही.

"धर्म घेतला त्या दिशी ठिवली ती. गावानं हाक मारायची आन् आमी उन्हात हुबं ऱ्हाऊन वाजवायचं, ते संपलं. आता हातात घेनार न्हाई."

मी खाली मान घालून साहेबाला म्हणालो, "चला." तो हलेना. एवढ्यासाठीच तो घरदार सोडून आला होता. मग त्यानं माझ्या हातातली हलगी घेतली आणि अंगणात, भर उन्हात जाऊन उभा राहिला.

"आवं तात्या, तुमी बसा. मी वाजीवतो. चुकलं तर सांगा."

वाजवलं त्यानं वाईटच. तात्या दगडासारखे बसून होते. मग खुर्चीच्या हातावर त्यांचं एक बोट पडलं.

"हितं. हितं दम खा, गड्या."

त्यानंतर साहेब दर रविवारी यष्टीनं कुंडलला जाऊ लागला. तात्या खुर्चीत सावलीला, साहेब उन्हात उभा. तात्यांनी हलगीला कधीच हात लावला नाही. शिकवलं ते बोटानं, मानेनं, जिभेनं. साहेब मायदेशी निघाला तेव्हा एवढंच म्हणाले, "तितं ऊन कमी म्हनं. नीट शेकत जा."

माडी गप्प झाली. भाकरी फुगली की बायको अजून क्षणभर थांबते. मला करमेना, म्हणून एका रविवारी मीच कुंडलला गेलो. पायरीवर बसलो आणि जरा ऐटीत म्हणालो, "काही म्हणा तात्या, साहेबाला तुमच्यापर्यंत आणलं मीच."

"व्हय," तात्या म्हणाले. "त्यो लय लांबनं आला, पर पोचला. तुमी सांगलीसनं निघालाय, मास्तर, आन् अजून यष्टीतच हायसा."