मानेपर्यंत पुरलेलं मडकं

देवळी रस्त्यावरच्या रोपवाटिकेत आज पिशव्यांना नुकतंच पाणी दिलं होतं. ओल्या काळ्या मातीचा वास नाकात शिरला आणि मी रोपं विसरून उभाच राहिलो. "कोनतं देऊ गुरुजी?" मालकीणबाईंनी विचारलं. कमी पाण्याचं द्या, म्हटलं. "तुमी त दर सालीच असं म्हन्ता," त्या हसल्या. खरंच आहे. माझ्या अंगणात कोरफड, अडुळसा, पांढरी कण्हेर अशी सोशिक मंडळीच नांदतात.

ही निवड आम्ही दोघांनी सुरू केली, नळ चार दिवसांआड यायला लागला त्या उन्हाळ्यात. त्याच उन्हाळ्यात बायकोच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस आणि दिवसभरात मोजून तीन पेले पाणी. जास्त झालं तर ते फुफ्फुसात साचेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. वर्ध्याचा वैशाख, घसा सुकून लाकूड होतो, आणि तिच्या पाण्यावर पहारा माझा. आमच्याकडे दारात आलेल्या परक्यालाही आधी गडूभर पाणी देतात, आणि मी घरच्या माणसापुढचा तांब्या उचलून ठेवत होतो. "मले झाडाइतकं तरी देत जा," ती म्हणायची. मी तांब्या उचलून आत न्यायचो.

झाडांसाठी मी जास्वंदीच्या मुळाशी एक मडकं मानेपर्यंत पुरलं होतं, तोंडावर झाकणी. मडकं थेंबाथेंबानं पाझरतं. एकदा भरलं की दोन-तीन दिवस बघायला नको. आमचं मात्र दुसऱ्याच संध्याकाळी रिकामं. जास्वंद अधाशी, असा निकाल देऊन मी ती उपटली आणि तिथं सदाफुली लावली. मडकं तरी रिकामंच. "तुमची सदाफुलीबी लय पिऊन राह्यली, नाई?" ती पलंगावरून म्हणाली. मी हसलो. मास्तर माणूस मी, मुळं तपासली, मडक्याला तडा गेलाय का पाहिलं. तिच्याकडे तेवढं पाहिलं नाही.

एका दुपारी बाजारातून लवकर परतलो. ती अंगणात गुडघ्यांवर बसली होती, डोक्यावर पदर, झाकणी बाजूला, आणि वाटीनं मडक्यातलं पाणी पीत होती. सावकाश, डोळे मिटून, एकेक घोट तोंडात घोळवत. इतकं समाधान तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. तिला हाक मारायची होती. पण फाटकाला हात न लावताच मी आल्या पावली फिरलो आणि कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली अर्धा तास बसून राहिलो. संध्याकाळी मडकं भरलं. खरं सांगतो, त्या दिवशी माठातलं गार पाणी भरलं, तेही काठोकाठ. पुढचे सगळे दिवस तसंच.

आठवडाभरात ती गेली. श्वास लागला, दवाखान्यात नेईपर्यंत ओठ निळे झाले होते. डॉक्टर म्हणाले, हे कधीतरी होणारच होतं, स्वतःला बोल लावू नका. मडक्याचं मी त्यांना सांगितलं नाही, परगावी असलेल्या आमच्या मुलीलाही नाही.

काळ गेला की दुःख बोथट होतं म्हणतात. माझ्या बाबतीत त्याला अजून सवड झालेली दिसत नाही. मी तिला मारलं की तिची तहान भागवली, हे रोज वेगवेगळं ठरतं. पाणी वाचवतो म्हणून लोक माझं कौतुक करतात. मला फक्त, ज्याची तहान अडवून धरावी लागेल असं काही जिवंत पुन्हा दारात नको आहे.