नागवेणक्का बोलायला मोकळी झाली

सुपारी सोलणाऱ्या बायकांना मालक दिवेलागण झाली तरी घरी सोडत नसे, तेव्हा नागवेणी एकटीच पदर खोचून भांडायला उठली. तेव्हापासून कर्नाटकातल्या मलनाडाच्या कानमने गावाची ती नागवेणक्का झाली. पुढे पंचायतीत गेली, तीनदा आमदार झाली आणि शेवटी बेंगळुरात विधानसभेची अध्यक्ष.

"आता काय करशील?" नवरा तिम्मप्पा हसला होता. "दिवसभर गप्प बसायचं काम! जमेल तुला?"

जमवलं तिनं. अध्यक्षानं दुसऱ्यांना बोलू द्यायचं, आपल्या गावाचं गाऱ्हाणं सभागृहात मांडायचं नाही. जीभ आवरत तिनं ते पाळलं.

मग सत्ताधारी पक्षाचेच पाच आमदार फुटले. विश्वासदर्शक ठरावाच्या आदल्या दिवशी मंत्री शिवलिंगय्या तिच्या दालनात आले.

"अक्का, मतदानाआधी त्या पाचांना अपात्र ठरवा."

"त्यांचं म्हणणं न ऐकताच?"

"खुर्ची पक्षानं दिलीय, विसरू नका."

"मग घ्या की परत. पण मी बसलेय तोवर असला निकाल माझ्या हातून होणार नाही."

पाचांनी विरोधात मतं दिली, सरकार कोसळलं. नागवेणक्कानं अध्यक्षपद सोडलं, आमदारकी तेवढी ठेवली आणि गावाकडची बस धरली. वाटभर मनात एकच: गाव पक्षाचं; लोक तोंडात शेण घालणार.

घराच्या फाटकाशी खरंच गर्दी होती. तिच्याबरोबर सुपारी सोलणारी हुच्चम्मा कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"आलीस एकदाची! ओढ्यावरचा साकव वाहून गेलाय, बायका कमरेएवढ्या पाण्यातून जातात. तू सभागृहात कधी बोलणार?"

"अगं, मी आता अध्यक्ष नाही."

"म्हणून तर आलो! होतीस तेव्हा तोंड उघडत होतीस का?"

सगळे हसले. नागवेणक्काला हसताहसता रडू आलं. तिम्मप्पानं कषायाचा, धणे-जिऱ्याच्या गरम काढ्याचा, पेला हातात दिला. त्या दुपारी ती आडवी झाली ती थेट दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उठली.

पुढच्या अधिवेशनात ती मागच्या बाकावर बसली. पक्षानं तिला वाळीत टाकलं होतं, शेजारची जागा रिकामीच होती. पाय पसरायला बरी. तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती साकवावर बोलू लागली. साकवावरून शाळेवर, शाळेवरून दवाखान्यावर.

"सन्माननीय सदस्या, वेळ संपला," नवे अध्यक्ष म्हणाले.

"ठाऊक आहे, साहेब," ती म्हणाली, आणि बोलतच राहिली.