कुनी सांगितलं, त्येचं नाव लिव

"कुनी सांगितलं?"

हातातली इस्त्री उभी करायची, पदरानं कपाळ पुसायचं आणि समोरच्याला हे विचारायचं. खंडाळ्यातल्या आमच्या हॉटेलात लाँड्रीच्या मावशींच्या या प्रश्नाला मॅनेजरसुद्धा टरकून असायचा. "सगळेच म्हणतात" हे उत्तर त्यांना चालायचं नाही.

बारावी सायन्सचा निकाल लागला आणि ॲडमिशन होईपर्यंत मी तिथं काउंटरवर बसायला लागले. मावशी जवळच्या औंढ्याहून यायच्या. आमचं बोलणं म्हणजे "दोनशे चारच्या चादरी झाल्या का?" एवढंच.

माझं खरं बोलणं चालायचं ब्लॉगवर. आमच्या कार्ल्यात माझं लिहिलेलं वाचणार कोण, सांगा बरं? नेटवर आम्ही पंधरा-वीस जण टोपणनावानं आपापला ब्लॉग लिहायचो आणि एकमेकांच्या लेखांखाली भांडायचो. त्यात एक 'इस्त्री' होती. जशी बोलते तशीच लिहायची. एका विद्वानांनी तिच्या लेखाखाली शेरा मारला, "शुद्ध शब्द 'स्त्री' असा आहे." तिनं उत्तर दिलं, "मी कापडं इस्त्री करते. बाई बी हाय. एका शब्दात दोनी कामं झाली." विद्वान पुन्हा फिरकले नाहीत.

एकदा तिनं एका पाहुण्याची गोष्ट लिहिली. चादर गरम लागली म्हणून तो खवळला, आत्ताच कुणीतरी झोपून उठलंय म्हणाला. मी ताडकन उठले. ती तक्रार काउंटरवर मीच घेतली होती!

लाँड्रीत धावत गेले. "मावशी, इस्त्री तुम्हीच?"

"हळू बोल की गं! मॅनेजरला वाटतंय मी फोनवर सिरियल बघते."

त्याच आठवड्यात माझं घोडं अडलं. पप्पा पर्यटकांची गाडी चालवतात. त्यांनी पुण्याचं इंजिनिअरिंग ठरवून टाकलं होतं आणि मला मराठी घेऊन बीए करायचं होतं. फॉर्मला दोन दिवस उरले. मी ब्लॉगवर सगळं ओकले. परभणीच्या एका इंजिनिअरनं लिहिलं, "इंजिनिअरिंगपासून पळ." बीए झालेल्या एकीनं लिहिलं, "पळू नकोस." झालं, माझं डोकं आणखीच फिरलं.

ते वाचून मावशींनी मला खाली बोलावलं आणि लाँड्रीची चिठ्ठी पालथी करून पुढं केली.

"आर्टला काय न्हाई म्हनं. कुनी सांगितलं, त्येचं नाव लिव."

मी लिहिलं. शेजारचे काका. आत्याचा मुलगा. पप्पांचे दोस्त. यांतल्या एकानंही कधी माझं एक पान वाचलेलं नव्हतं.

"आनि मराठी घे म्हनून कुनी सांगितलं?"

मी खाली 'मी' लिहिलं.

"उद्या पस्तावलीस तरी हेच नाव. माजं न्हाई, त्या परभनीवाल्याचं बी न्हाई." मग इस्त्री उचलता उचलता म्हणाल्या, "मला अकरावीतनं काढलं, तवा मी इचारलंच न्हाई गं."

मला रडू आलं. त्या चादरीच्या घड्या घालत राहिल्या.

फॉर्म भरला. पप्पा आठवडाभर धुसफुसत होते. पहिल्या दिवशी कॉलेजात मात्र त्यांनीच सोडलं, तोंड फुगवून. आता म्हणाल, पस्तावले का? कधी कधी, हो! आत्याच्या मुलाचा पगार ऐकला की पोटात दुखतं. मग ती चिठ्ठी काढते. मराठी घ्यायला लावल्याबद्दल शिव्या घालायला दुसरं नावच सापडत नाही, आणि माझं नाव खोडायचं मला अजून तरी कारण दिसलेलं नाही.

पुढं गरम चादरीची गोष्ट लिहिणारी कोण, हे हॉटेलच्या मालकांच्या कानावर गेलं. ब्लॉग पुसा, नाहीतर काम सोडा, असं त्यांनी मावशींना बजावलं. परवा मी त्या हॉटेलात डोकावले. चादरी आता बाहेरून धुऊन, प्लास्टिकात बांधून येतात. गार असतात. लाँड्रीला कुलूप होतं.

मावशींचा ब्लॉग अजून आहे. त्यात सगळ्यात शेवटी दोनच ओळी आहेत.

"ब्लॉग पूस म्हनून सांगितलं: मालकानं.

काम सोड म्हनून सांगितलं: मी."