बंदुकीची खोळ

इथे आखातात, झिंजमध्ये आमच्या बिल्डिंगखाली एक शिंपी बसतो. रत्नागिरीकडचा आहे, नाव मी कधी विचारलं नाही. फोन वाजला की आधी गळ्यातली टेप मुठीत गच्च धरतो, मगच उचलतो.

सुट्टीवर गावी निघायच्या आदल्या दिवशी पँट आणायला गेलो, तर तो जाड खाकी कापडाची लांबलचक खोळ शिवत होता.

"बंदुकीची," तो हळूच म्हणाला. "रानडुकरांसाठी अब्बांनी परवाना काढलेला. गेल्या महिन्यात अब्बा गेले. आता ती घरात ठेवणं गुन्हा. पोलीस ठाण्यात जमा करायला हवी, पण मला लीव्ह मिळत नाय. अम्मा एकटी. उघडी बंदूक घेऊन एसटीत कशी बसणार? एवढी खोळ न्याल, भाऊ?"

नुसती रिकामी खोळ! पण विमानतळावर कुणी बॅग उघडली तर काय सांगू?

"बॅगेत जागा नाही हो," मी म्हणालो.

त्यानं खोळीची नीट घडी घातली.

"बरोबर आहे. गावातपण बंदुकीला कोणी हात लावत नाय. अम्मा ती खाटेखाली ठेवून झोपते."