गुडघ्यावरचा गंज
थिनरचा वास आला की पिंपळे गुरवच्या घरातलं आमचं टेबल आठवतं. टेबलावर मांडायच्या खेळासाठी मी बोटाएवढा अंतराळातला यंत्रसैनिक रंगवत होतो आणि तो लढून आलेला दिसावा म्हणून त्याच्या छातीवर मुद्दाम तपकिरी रंगाने गंज रंगवला होता. चाकणच्या गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला असलेले वडील शिफ्टवरून आले, त्याला ट्यूबलाइटखाली तिरका धरून म्हणाले, "गंज असा मधोमध येतो व्हय? ह्याच्याकडं पाऊस पडतो का?" मी म्हटलं, "ॲसिडचा पडतो." "मग पाणी गुडघ्याच्या सांध्यात साचणार," म्हणत त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला. गंज लागू नये म्हणून त्यांनी आयुष्यभर ज्या गाड्या रंगवल्या, त्यातली एकही आमच्या दारात कधी आली नाही. त्यांच्या हातचा हा गंज तेवढा घरात आहे.