खिडकीजवळचं मशीन

झेंडूच्या वासात मशीनच्या तेलाचा वास मिसळला की मला सातपूरचा आमचा कारखाना आठवतो. नव्वदच्या दशकात मी तिथे पर्सोनेलला होतो. खंडेनवमीला मशीनपूजा झाली की वर्षातल्या उत्तम कामगाराला स्टेजवर बोलावून भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, ही माझीच कल्पना. पहिल्या वर्षी नाव निघालं नांदगावकडच्या एका अबोल टर्नरचं. मी माईकवरून तीनदा पुकारलं, तरी तो लेथमागे चिंधीने हात पुसत बसलेला. शेवटी दोघांनी धरून आणला. पुढच्या वर्षी त्याचं काम घसरलं; रोज शेजारच्या ऑपरेटरपेक्षा नेमके दोन नग कमी. मॅनेजर म्हणाले, मेमो द्या. मेमो खिशात ठेवून मी आधी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "साहेब, घड्याळ शेजारच्याला द्या, त्याला लय हौस हाय. मला नाय जमत तिथं उभं राहायला." मग तुला काय हवं, म्हटलं. त्याने कोपऱ्यातल्या खिडकीजवळच्या मशीनकडे बोट दाखवलं. "तिथं उजेड हाय, अन् कोणी बोलाय येत नाय." ते मशीन त्याला दिलं आणि मेमो फाडला. महिन्याभरात त्याचे नग सगळ्यांच्या पुढे गेले. त्या खंडेनवमीला मी त्याचं नाव पुकारलं नाही. घड्याळ शेजारच्याने घेतलं, वर भाषणही केलं. परवा ते जुने फोटो काढून बघितले. घड्याळ घेणारा दरवर्षी वेगळा आहे. माईक मात्र प्रत्येक फोटोत माझ्याच हातात आहे.