दोन कपांचं आधण

आई युटाहून येणार होती त्या सकाळी मी चहापत्तीचा डबा कपडे धुण्याच्या पावडरीमागे लपवला. पन्नाशीची बाई मी, आणि ऐतिहासिक चरित्रं लिहून पोट भरते. आई-बाबा शिकायला युटात आले आणि माझ्या जन्माआधीच मॉर्मन झाले. त्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य. मी चर्च कधीच सोडलंय, तेही आईच्या तोंडावर सांगून. चहाचं मात्र आजवर सांगवलं नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

नेमकं त्याच आठवड्यात मी एका जुन्या मॉर्मन उपदेशकाचं प्रकरण लिहीत होते. त्या काळी मॉर्मन पुरुष अनेक बायका करत आणि कायद्यानं तो गुन्हा होता; सरकारी माणूस आला की तो धाकट्या बायकोला शेजारच्या घरी दडवायचा. मी त्याला ठणकावून ‘भित्रा’ लिहिलं होतं, वर तळटीपही दिली होती.

तेव्हा नागपूरहून सासूबाईही आमच्याकडे वेस्ट विंडसरला आल्या होत्या. त्यांचा दिवस चहाशिवाय सुरू होत नाही. मी म्हटलं, “अहो आई, माझी आई आहे तोवर गरम पाणी चालेल का?”

“बरं,” त्या म्हणाल्या. मी ओशाळले, पण डबा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरभर आल्याचा वास. आई गॅसपाशी उभी, सासूबाई टेबलाशी.

“विहीणबाईंसाठी युटाहून येतानाच पत्ती आणलीय,” आई म्हणाली. “दुकानात इतकं ऑकवर्ड झालं गं, चर्चमधलं कुणी भेटलं असतं तर? पण हात विसरला नाही बघ.”

तिनं एक कप सासूबाईंपुढे ठेवला. दुसरा भरता भरता, माझ्याकडे न बघता विचारलं, “तुला साखर किती?”

दार तिनंच सताड उघडून दिलं होतं. आणि मी म्हणाले, “मी कुठे घेते, आई?”

“बरं,” आई म्हणाली. अगदी सासूबाई म्हणाल्या होत्या तसंच.

सासूबाईंनी तो कप आपल्याकडे ओढला. “मला दोन कप लागतात,” त्या म्हणाल्या. त्या कधीच एकापेक्षा जास्त घेत नाहीत. माझं खोटं त्या घोट घोट पीत होत्या आणि आई पातेलं घासत होती. मला मान वर करवेना.

आई परत गेली. डबा अजून पावडरीमागेच आहे.